मदत हवी आहे : रडार प्रतिमेवरून समुद्रावरील वाऱ्याचा वेग जवळजवळ दुप्पट येतो

वर्धाकाठ : आर्वी तालुक्यातील गावी राहून एम.एस्सी.चा प्रकल्प करीत आहे. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या रत्नागिरीजवळील प्रतिमेवरून वारा काढला, तर सेकंदाला 17 मीटर येतो. हवामान प्रारूपात त्या वेळी पश्चिमेचा, जेमतेम 9 मीटरचा वारा आहे. सीमॉड-5 चे सूत्र (रडारच्या परावर्तनावरून वाऱ्याचा वेग देणारे) तीनदा तपासले. सोमवारी अहवाल द्यायचा आहे, तेव्हा चूक तेवढी सांगावी.

पूर्णाकाठ : भाऊ, ध्रुवीकरण (तरंगाच्या कंपनाची दिशा) कोणते, आपाती कोन (किरण उभ्या रेषेपासून किती तिरपा पडतो तो) किती, प्रतिमा सकाळची की संध्याकाळची, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

जुना मास्तर : एकाच बाजूने पाहणाऱ्या प्रतिमेवरून वारा काढूच नये. ओशनसॅट-2 (2009) किंवा स्कॅटसॅट-1 (2016) या उपग्रहांवर होते तसे स्कॅटरोमीटर, म्हणजे वारा मोजणारे रडार, घ्यावे. फिरत्या अँटेनामुळे तेच पाणी निरनिराळ्या दिशांनी पाहिले जाते आणि वाऱ्याची दिशाही हाती लागते.

पूर्णाकाठ : सर, त्या मोजणीचा एकेक ठिपका कित्येक किलोमीटरचा असतो, त्यात किनाऱ्याची जमीन मिसळते, आणि पावसाळ्यात केयू पट्ट्याला, म्हणजे त्यांच्या आखूड रडार तरंगांना, पावसाचा त्रास होतो. किनाऱ्यालगत सेंटिनेलच बरे.

काळी माती : आमच्या कपाशीच्या रानात वखरणीनंतरची ढेकळे अशाच रडार प्रतिमेत उजळ दिसतात. आपण विदर्भातलेच आहात, तर मातीच्या ओलाव्याचा विषय घ्यावा.

वर्धाकाठ : दादा, विषय आता बदलता येणार नाही. ध्रुवीकरण व्हीव्ही (पाठवलेला व परतलेला तरंग दोन्ही उभे), कोन 35 अंश, सकाळची प्रतिमा. दिशेच्या जागी 270 अंश, म्हणजे पश्चिम, घातले आहे.

पूर्णाकाठ : मग चूक तिथेच आहे. सूत्राला उत्तरेपासूनचा कोन नको, रडारच्या नजरेपासूनचा हवा. सकाळी उपग्रह दक्षिणेकडे जाताना उजवीकडे, म्हणजे साधारण पश्चिमेकडे पाहतो. पश्चिमेचा वारा थेट त्याच्या समोरून येतो, म्हणून कोन शून्याजवळ पडतो. साडेपाच सेंटिमीटरचा रडार तरंग 35 अंशांवर पाण्यावरच्या सुमारे 4.8 सेंटिमीटरच्या लहरींशी जुळतो, आणि या लहरी वाऱ्याच्या रेषेतून पाहिल्यास जोरकस, बाजूने पाहिल्यास क्षीण परावर्तन देतात. 270 घातल्यामुळे सूत्राने वारा आडवा धरला आणि एवढे परावर्तन मिळायला फार मोठा वेग लागेल असे ठरवले.

जुना मास्तर : हे बरोबर आहे, मात्र दिशा बाहेरूनच घ्यावी लागली, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

वर्धाकाठ : कोन बदलल्यावर 9.4 आले. दिशा प्रारूपातून घेतल्याचे लिहितो. फक्त खाडीच्या तोंडाशी एक काळा पट्टा राहतो.

पूर्णाकाठ : डोंगराच्या आडोशाला वारा दोन-तीन मीटरच्या खाली गेला की या लहरी उठतच नाहीत. तेलाचा थरही तसाच काळा दिसतो, म्हणून तेवढा भाग वगळावा.