मदत हवी आहे: वापरलेला कस्टम कीबोर्ड ४२ हजारांना घ्यावा का? रविवारपर्यंत सांगायचंय

शब्दसखी
नमस्कार. एक कस्टम मेकॅनिकल कीबोर्ड मिळतोय. ॲल्युमिनियमची केस, खाली पितळेचं वजन, गडद निळा ॲनोडाइझ केलेला. मालक ४२,००० म्हणतोय. ग्रुप बाय (आगाऊ पैसे भरून अनेकांनी मिळून दिलेली ऑर्डर) केव्हाच संपलाय, त्यामुळे नवा मिळत नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय, मागे अजून दोघं थांबलेत. किंमत जास्त आहे हे ठाऊक आहे, पण माझं दिवसभराचं कामच टायपिंगचं आहे. वस्तू तेवढ्या मोलाची आहे का, एवढंच सांगा.

खटखट
रंग कळला, बाकी काहीच नाही. लेआउट कुठला? कळांखालचे स्विच कुठले? हॉट-स्वॅप, म्हणजे नुसते ओढून बदलता येणारे, की सोल्डर करून पक्के जोडलेले? स्विच ज्यात बसतात ती प्लेट कशाची? बोर्डाचं नाव काय?

शब्दसखी
नाव लिहिलं तर विकणारा कोण ते लगेच कळेल, म्हणून नको. साठ टक्केवाला आहे, म्हणजे एफच्या कळा आणि नंबरपॅड नसलेला छोटा. स्विच चेरी कंपनीचे जुने ब्लॅक, वंगण लावलेले. बाकीचं विचारते. आवाज अप्रतिम आहे, त्याने व्हिडिओ पाठवलाय.

खटखट
व्हिडिओवर अजिबात जाऊ नका. माइक कुठे ठेवलाय, टेबल कसलं, खाली जाड मॅट आहे का, यावर आवाज पार बदलतो. आणि ब्लॅकला कळ लागू व्हायला साधारण ६० ग्रॅम दाब लागतो, चेरीच्याच रेड स्विचला ४५. दिवसभर टायपिंग म्हणताय तर हा फरक संध्याकाळी बोटांना जाणवेल. सध्या काय वापरता?

डोंबिवलीकर
माझं ऐका, हे कस्टमचं प्रकरण सोडा. कीक्रॉनचा क्यू-१ घ्या. २०२१ पासून आहे, अख्खी ॲल्युमिनियमची केस, गॅस्केट माउंट (प्लेट मऊ पट्ट्यांवर टेकलेली), हॉट-स्वॅप, व्हाया नावाच्या ॲपने कळांची कामं बदलता येतात. बाणाच्या कळाही आहेत. उरलेल्या पैशात चांगली खुर्ची येईल.

खटखट
त्यांनी पर्याय विचारलेला नाही हो. समोर आहे तो बोर्ड तपासायचा कसा, हा प्रश्न आहे.

डोंबिवलीकर
‘घ्यावा का’ असंच विचारलंय. त्याचं उत्तर ‘नको, हा घ्या’ असं असू शकतं.

आडवाटेचा
दिवसभर टायपिंग असेल तर एकसंध कीबोर्डच चूक. दोन तुकड्यांचा घ्या, खांद्याएवढं अंतर ठेवून. माझी मनगटं त्यानेच सुधारली. कॉर्न किंवा एर्गोडॉक्स बघा, पितळेच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त उपयोग.

शब्दसखी
मनगटं ठीक आहेत माझी, धन्यवाद. सध्या ऑफिसने दिलेला साधा कीबोर्ड आहे. मालकाचं उत्तर आलं: सोल्डर केलेला, प्लेट पितळेची, ‘एचएचकेबी लेआउट’. हे शेवटचं चांगलं की वाईट? इंग्रजी-मराठी अनुवाद करते, मराठी इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ठरलेल्या कळ-मांडणीत.

कळफलक
ताई, हे इनस्क्रिप्टचं पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. सगळं त्यावरच अडतंय.

एचएचकेबी म्हणजे हॅपी हॅकिंग कीबोर्ड. जपानच्या पीएफयूने १९९६ मध्ये आणला, त्याची कळांची मांडणी. कंट्रोल कॅप्स लॉकच्या जागी, बाणाच्या कळा नाहीत, आणि बॅकस्पेस एक ओळ खाली, एंटरच्या डोक्यावर. म्हणजे नेहमी बॅकस्लॅश असतो तिथे. आता इनस्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅशवर काय आहे? ‘ॉ’. तुम्ही कॉलेज, ऑफिस, डॉक्टर दिवसातून किती वेळा लिहिता? ‘क’ उमटला, सवयीने करंगळी ‘ॉ’कडे गेली, की तो ‘क’ पुसला जाणार. शिफ्ट धरून ‘ऑ’ काढायला गेलात तरी तेच. खरा बॅकस्लॅश वरच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यातल्या दोन छोट्या कळांपैकी एक.

डोंबिवलीकर
म्हणूनच म्हणतो, फोनेटिक वापरा. मी मराठी रोमनमधूनच लिहितो, कुठलाही कीबोर्ड चालतो.

कळफलक
फोनेटिकला एकेका अक्षरासाठी दोन-दोन, तीन-तीन कळा दाबाव्या लागतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ म्हणजे शिफ्ट-एन, संपलं. १९८६ पासूनचं सरकारी प्रमाण आहे, आणि हात बसलेला माणूस ते सोडत नाही.

टंकलेखिका
मी टंकलेखन शिकवते. तीस शब्द मिनिटाच्या परीक्षेला बसणारी मुलं मांडणी बदलली की कशी गडबडतात ते रोज बघते. टायपरायटरवरून संगणकावर आलेल्यांचे हाल तर विचारू नका, रेमिंग्टनचा हात सुटता सुटत नाही.

खटखट
मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘ॉ’ची अडचण सुटते, पण एका अटीवर: बोर्डात क्यूएमके (कळांची कामं बदलू देणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) किंवा व्हाया चालायला हवं. मग एंटरवरची कळ परत बॅकस्लॅश करायची आणि वरच्या दोन छोट्या कळांपैकी एक बॅकस्पेस. दीड एककाचा (एक एकक म्हणजे साध्या अक्षराच्या कळेची रुंदी) बॅकस्लॅश कीकॅप नेहमीच्या सेटमध्ये असतो, तोच बसेल. बॅकस्पेस मात्र इवलासा राहणार. तो मोठा हवा असेल तर सोल्डर काढून स्विच हलवायला लागेल, तेही प्लेट आणि पीसीबीत (आतल्या सर्किटच्या पाटीत) दोन एककांची सोय असली तरच.

दुसरं, सुटा पीसीबी मिळतोय का विचारा. याच उत्तरावर किंमत ठरते. ग्रुप बाय संपलेल्या बोर्डाचा पीसीबी गेला तर हातात नुसती देखणी केस उरते. यूएसबीचं पोर्ट वेगळ्या छोट्या पाटीवर, म्हणजे डॉटरबोर्डवर असेल तर उत्तम, कारण पोर्टच आधी जातं आणि तो तुकडा स्वस्तात बदलता येतो.

शब्दसखी
विचारलं. व्हाया चालतं, डॉटरबोर्ड वेगळा आहे. सुटा पीसीबी नाही. हे सांगितल्यावर तो स्वतःच ३५ वर आला. उद्या सकाळी बघायला जातेय. काय काय बघू?

खटखट
लॅपटॉप न्या, तुमचीच केबल न्या. की-टेस्टर उघडून प्रत्येक कळ सावकाश आणि मग झपाझप दाबा. एका दाबात दोन अक्षरं उमटताहेत का बघा. सोल्डर केलेल्या बोर्डात एक खराब स्विच बदलायचा तरी अख्खा बोर्ड उघडावा लागतो. स्पेस, एंटर आणि डावी शिफ्ट कडेला दाबा. तारेची खुळखुळ आली तर स्टॅबिलायझर (लांब कळा डगमगू नयेत म्हणून खाली लावलेल्या तारा) नीट बसवलेले नाहीत. ते दुरुस्त होतं, पण सोल्डर काढून, म्हणून त्याचे पैसे कमी करून घ्या. केस उलटी करून कोपरे उजेडात धरा. ॲनोडाइझ उडालेलं तेवढ्याच जागी परत लावून मिळत नाही. पितळ काळवंडलं असेल तर काळजी नको, पॉलिशने उजळतं.

कळफलक
आणि व्हायात ‘ॉ’ जागेवर आणून तुमच्या कामातला एक उतारा तिथेच बसून टाइप करा. मालकाला घाई असली तरी.

आडवाटेचा
दोन तुकड्यांच्याचा विचार एकदा तरी करा.

शब्दसखी
उतारा काढून ठेवलाय, बँकेच्या कर्ज-कराराचा, ‘ऑनलाइन’ आणि ‘लॉकर’ जागोजागी आहेत. कळा जमल्या आणि शिफ्ट खुळखुळली नाही तर ३५ ला घेते. खुळखुळली तर ३२ म्हणेन, त्याखाली घासाघीस नाही करणार. सुट्या पीसीबीशिवाय ४२ द्यायचे नाहीत हे मात्र नक्की.

खटखट
३२ म्हणण्याआधी सोल्डर काढून स्टॅबिलायझर नव्याने बसवायची मजुरी तुमच्या गावात कोण किती घेतो ते विचारून ठेवा.