कोकरासाठी चीक आधी, बाकी सारे नंतर

मेंढी व्याल्यावर कोकरू उठत नसेल तर त्याला लगेच गायीचे दूध पाजावे, असा सल्ला दिला जातो. त्याबाबत माझे मत वेगळे आहे. मी मुंबईत राहत असलो तरी फलटणकडे धाकट्या भावाच्या छोट्या कळपात माघ-फाल्गुनातील विणीला दरवर्षी हजर असतो.

मेंढीच्या वारेतून (गर्भाला पोसणाऱ्या आवरणातून) रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत, ती पहिल्या चिकातूनच, म्हणजे व्याल्यावर येणाऱ्या पहिल्या घट्ट दुधातूनच, मिळतात आणि कोकराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता साधारण २४ तासांत संपते, म्हणून साधे दूध चिकाची जागा घेऊ शकत नाही. अडीच किलोच्या कोकराला एका वेळी सुमारे १२५ मिलि चीक द्यावा आणि पहिला घोट शक्यतो दोन तासांच्या आत पोटात जावा. सडाच्या तोंडाशी मेणासारखा खडा बसलेला असतो, तो पहिल्या एकदोन धारांनी काढून टाकावा. कित्येकदा कोकरू अशक्त नसतेच, सड बंद असतो.

चीक पाजण्याआधी कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड थंड लागले तर अंग पुसून त्याला ऊब द्यावी, कारण गारठलेल्या, गिळता न येणाऱ्या कोकराला बळेच पाजल्यास चीक फुप्फुसात जातो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावेच.

एक विनंती : मुंबईतून फोनवर औषधे सुचवू नयेत, तालुक्याच्या पशुवैद्यकांना बोलवावे.