वेगळेपण जाहिरातीच्या आधी ठरते
स्पर्धेत उठून दिसण्यासाठी किंमत आणखी उतरवणे परवडत नसेल तर जाहिरात अधिक आकर्षक करावी, असे मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. जाहिरात हा शेवटचा टप्पा आहे. ग्राहकाच्या मनातील कोणती जागा रिकामी आहे हे त्याआधी शोधावे लागते आणि खरी सर्जनशीलता तिथेच पणाला लागते.

क्वार्ट्झ तंत्रज्ञानावर, म्हणजे बॅटरी आणि क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर, चालणाऱ्या स्वस्त जपानी घड्याळांमुळे १९७०च्या दशकात स्विस घड्याळ उद्योग डबघाईला आला होता. १९८३ साली बाजारात आलेल्या स्वॉच या स्विस घड्याळाने सुट्या भागांची संख्या ५१ वर आणून उत्पादनखर्च तर घटवलाच, शिवाय घड्याळ ही एकदाच घेऊन आयुष्यभर वापरायची वस्तू नसून कपड्यांप्रमाणे बदलता येणारी हौसेची वस्तू आहे, अशी त्याची ओळखच पालटून टाकली. चर्चा बहुधा रंगांची आणि नक्षीची होते. मला मात्र रचनेतला बदल अधिक मोलाचा वाटतो, कारण तो नसता तर ती रंगीबेरंगी कल्पना परवडणाऱ्या किमतीत उतरलीच नसती.

उणीव मान्य करूनही उठून दिसता येते. मोटारी भाड्याने देणाऱ्या एव्हिस कंपनीने १९६०च्या दशकात ‘आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून अधिक कष्ट घेतो’ अशा आशयाची जाहिरात केली. ती धाडसी होती, पण ते शब्द रोजच्या सेवेत खरे करून दाखवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यांवर येऊन पडली. मोटारी अस्वच्छ निघाल्या असत्या, तर तेच वाक्य कंपनीच्या अंगाशी आले असते.