मदत हवी आहे: एक्स्टेंडरचं वायफाय रात्री बंदच होत नाही

कट्टेकरी७: एक्स्टेंडरला शेड्यूल लावलंय. रात्री ११ ला बंद, सकाळी ६ ला चालू. तरी मुलगा एक-एक वाजेपर्यंत गेम खेळतोय. सगळं करून झालं, रीसेट सांगू नका. माहीत असेल त्यानेच लिहा.

मिरचीकांदा: सगळं म्हणजे काय काय? कंपनी, मॉडेल? मुलगा एक्स्टेंडरवरच असतो ना, राउटरवर नाही?

कट्टेकरी७: पांढरा आहे, सॉकेटमध्ये खोचायचा. त्याच्या खोलीत राउटरची रेंजच पोचत नाही, म्हणून तर आणला.

वारा_खात: एक्स्टेंडर हा प्रकारच भिकार. मी केबल ओढून वर अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला, कटकट संपली. नाहीतर मेश घ्या, म्हणजे घरभर मिळून एकच वायफाय देणारा राउटरचा संच.

मिरचीकांदा: अहो, त्यांना बंद करायचंय, रेंज वाढवायची नाहीये.

सुगरण: रात्री बंदच ठेवावं. त्या लहरींनी कॅन्सर होतो म्हणे.

वारा_खात: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०११ साली त्या २ब गटात टाकल्यात, म्हणजे 'शक्यता असू शकते' एवढंच. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्या पण आहेत. लोणचं सोडणार का?

सुगरण: लोणच्याला मध्ये आणू नका.

गण्या_ठाणेकर: राउटरमध्ये मुलाच्या फोनचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवर फोन ओळखायचा नंबर) टाकून ब्लॉक करा. दोन मिनिटांचं काम.

मिरचीकांदा: एक्स्टेंडरमागचा फोन बऱ्याचदा राउटरला वेगळ्याच मॅकने दिसतो. त्यात हल्लीचे फोन स्वतःच बनावट मॅक दाखवतात. कट्टेकरी, सकाळी वायफाय कधी येतं?

कट्टेकरी७: त्याचा इथे काय संबंध? सकाळचा वैताग वेगळाच आहे. त्याच खोलीत बसून नऊची मीटिंग असते, तेव्हा वायफाय गायब. साडेअकराला आपोआप येतं. नेटवाल्याकडे तक्रार टाकलीय.

मिरचीकांदा: मग हे आधी नाही का सांगायचं! रात्रीच्या ११ मध्ये साडेपाच तास मिळवा, पहाटेचे साडेचार. सकाळच्या ६ मध्ये मिळवा, साडेअकरा. एक्स्टेंडरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चाललंय, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शेड्यूल चोख पाळतोय बिचारा. टाइम झोन +५:३० करा. वेळ तो नेटवरून घेतो, त्यामुळे लाइट जाऊन आल्यावर नेट नसेल तर घड्याळ परत चुकू शकतं. काही मॉडेलमध्ये मध्यरात्र ओलांडता येत नाही, तिथे दोन नोंदी कराव्या लागतात, ११ ते १२ आणि १२ ते ६. आणि 'नाइट मोड'च्या नादी लागू नका, त्याने बऱ्याचदा नुसते दिवे विझतात.

कट्टेकरी७: झोन बदलला, वेळ आता बरोबर दाखवतोय. पण मुलगा हॉलमध्ये येऊन राउटरवर खेळला तर?

मिरचीकांदा: राउटरलाही तेच शेड्यूल लावा.

गण्या_ठाणेकर: आणि मोबाइल डेटा?

वारा_खात: एवढ्या भानगडीपेक्षा काट्याचा टायमर सॉकेट लावा, एक्स्टेंडरचा करंटच बंद.

मिरचीकांदा: लाइट गेली की तोही तेवढा मागे पडतो.

सुगरण: हा सॉकेट गीझरला चालेल का?

वारा_खात: १६ अँपिअरचा घ्या, साधा जळेल.