मागं उभं राहून 'आ आ' करणं म्हणजे हार्मनी नव्हे

पार्कचौक_बेस:
काल इथं एकानं लिहिलं: "बँडमध्ये गायक एकच असावा. बाकीच्यांनी वाद्यं सांभाळावीत. हार्मनी म्हणजे गाता न येणाऱ्यांना माइक मिळवून देण्याची सोय." रात्री साडेअकराला वाचलं, झोप उडाली. म्हणून हे लांबण.

हार्मनी म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर मिळून गाणं. मी अकरा वर्षं बेस गिटार वाजवतो आणि त्यातला मधला आवाज गातो. मधला म्हणजे जो कुणालाच नको असतो तो. वरचा ऐकू येतो, खालच्याला वजन असतं, मधला फक्त चुकला की लोकांना कळतो. आणि आपल्याकडं आवाज वाटतात कसे? ज्याच्या घरी प्रॅक्टिस, त्याला वरचा. ज्याचा अँप्लिफायर, त्याला जे पाहिजे ते. गळा कुणाचा कुठपर्यंत जातो हे कुणी विचारतच नाही. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ च्या 'बोहेमियन रॅप्सडी' गाण्यात वरचा आवाज ड्रमर रॉजर टेलरचा, खालचा गिटारवाल्या ब्रायन मेचा, आणि मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी मधे. बेसवाला जॉन डीकन त्यात गायलाच नाही, आणि त्याचं काही अडलं नाही. मुख्य गायकाला मधे उभं राहायला कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटतो?

सत्तरफुटी:
ते वाक्य माझंच. आणि क्वीनचं काय सांगायलास बे? त्यांनी स्टुडिओत टेपवर आवाजाचे थरावर थर चढवले. स्टेजवर तो मधला ऑपेराचा भाग टेपवरूनच वाजायचा, ही मंडळी आत निघून जायची. आता गणपतीतला स्टेज आठव. जनरेटर कानाशी, मॉनिटर, म्हणजे आपलं आपल्याला ऐकू यायला ठेवलेला स्पीकर, एकच, तोही ड्रमरकडं तोंड करून. आणि साउंडवाला न विचारता इको चढवणार. मागच्या वर्षी तिघं एकाच कडव्यात तीन पट्ट्यांत गेलो. समोर बसलेल्या माझ्या मामानं नंतर विचारलं, भांडण झालं होतं का रे? एवढीच हौस असेल तर हार्मनायझर पेडल घ्या, गाणाऱ्याच्या आवाजाला दुसरा सूर ते आपोआप जोडतं. पेडलला मानपान नसतो.

पार्कचौक_बेस:
पेडल वापरून झालंय. चार अर्धस्वरांच्या (कीबोर्डच्या काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्यांच्या) अंतरावर लावलं की 'सा'वर बरोबर 'ग' देतं, आणि 'रे'वर गेलं की तीव्र मध्यम! 'रे'च्या वर शुद्ध मध्यम हवा, तिथं अंतर तीनच. नवीन पेडलला पट्टी सांगता येते म्हणे, पण पट्टी सांगायला आधी ती कळायला लागते.

तानपुरा_जोडी:
मध्येच बोलतो, माफ करा. तुम्ही ज्याला 'ग' म्हणताय तो मुळात ग आहे का? तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा कीबोर्डचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). पोरं कीबोर्डवर सूर तपासतात आणि तोच चढा गंधार गळ्यात बसवतात. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती काही उगाच नाही.

शेंगाचटणी:
आली पेटी. मी वाटच बघत होतो.

सत्तरफुटी:
काका, गिटारचा आवाज फाडणारं डिस्टॉर्शन चालू असताना १४ सेंट कुणाच्या बापाला ऐकू येतात?

तानपुरा_जोडी:
बाप काढू नका. चाळीस वर्षं तानपुरा लावतोय. तुमच्या त्या डिस्टॉर्शनमध्येच तर जास्त कळतं. गिटारवर सा आणि प वाजवलं की गोड, मधे ग घातला की खरखर. वाजवून बघा, मग बोला.

पार्कचौक_बेस:
काका म्हणतात ते खरं आहे. आणि सत्तरफुटी, इथंच तू अडकलास. गंधार खरखरतो म्हणूनच आपण गिटारवर नुसतं सा-प ठोकतो. मग शुद्ध गंधार की कोमल, म्हणजे गाणं मेजर की मायनर, हे ऐकणाऱ्याला सांगणार कोण? बऱ्याचदा गळाच. आणि तो सूर बहुतेक वेळा तुझ्या त्या नको असलेल्या मधल्या आवाजाकडं असतो.

तानपुरा_जोडी:
मी हार्मनीची बाजू घेतलेली नाही. नोंद असू द्या.

बार्शीकर:
एवढं विलायतेला कशाला जायचं? आपल्याकडं झीलकरी होतेच की. आमच्या बार्शीच्या अमर शेखांचा पोवाडा घ्या, मागं 'जी जी रं जी' धरणारे नसते तर...

शेंगाचटणी:
झीलकरी शाहिराचाच सूर उचलतात. वेगळा सूर धरत नाहीत. बार्शीचा अभिमान कळला, पण ही हार्मनी नाही.

बार्शीकर:
दमलेल्या शाहिराला श्वास कोण देतं? ते हार्मनीपेक्षा मोठं काम आहे. असो, सोलापूरकरांना सांगून उपयोग नाही.

आल्टोताई:
मी बारा वर्षं चर्चच्या क्वायरमध्ये (गायनवृंदात) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. आमची ओळ म्हणजे एकाच सुरावर आठ-आठ मात्रा उभं राहणं. घरी सराव केला की आई विचारायची, हे कुठलं गं गाणं? चालच नाही याला. पहिले सहा महिने मी नकळत सोप्रानोच्या, म्हणजे चाल गाणाऱ्या वरच्या आवाजाच्या, ओळीवर घसरायचे. उपाय एकच होता: आपली ओळ एकटीनं पाठ करायची, मग शेजारणीला कानाशी मोठ्यानं चाल गायला लावायची आणि तरी घसरायचं नाही. वाद्य हातात असेल तर अजून अवघड, म्हणून ज्याच्या हातात सोपा तुकडा आहे त्याला त्या वेळी अवघड सूर द्यावा. आणि शब्दाच्या शेवटचा 'स' एकानंच म्हणावा. चौघांनी म्हटला की प्रेशर कुकर. तुमच्यातल्या किती जणांनी हे केलंय? का सगळे थेट स्टेजवरच शिकताय?

सत्तरफुटी:
...ताई, 'स'चं खरं आहे. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये साप सोडल्यासारखं ऐकू येतं. बरं, हार्मनी असू दे. पण मी वरचा सूर सोडणार नाही.

पार्कचौक_बेस:
तू काळी दोनच्या वर गेलास की डोळे मिटतोस आणि आम्ही देवाचं नाव घेतो.

सत्तरफुटी:
वैयक्तिक जाऊ नकोस बे. तू मधला गातोस म्हणजे ऐकूच येत नाहीस, तुला काय भीती?

पार्कचौक_बेस:
ऐकू येत नाही म्हणजे बरोबर लागतोय.

टमटम_काठी:
मी यांचाच ड्रमर. दोन दिवस गप्प वाचतोय. मॉनिटर माझ्याकडं असतो म्हणून मला सगळ्यांचं ऐकू येतं, कोण कुठं घसरतं तेही. वरचा पंचम माझा आरामात लागतो. लहानपणापासून भजनात गातोय. पाच वर्षांत कुणी विचारलं नाही.

सत्तरफुटी:
शनिवारी ये. माइक तुझा आण.

तानपुरा_जोडी:
आणि कीबोर्ड बंद ठेवा.