मदत हवी आहे: श्रावणबाळचे पैसे अडलेत, आजींचा अंगठा उमटत नाही

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या 72 वर्षांच्या एका आजींना श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये मंजूर आहेत. पैसे आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात, येतात आणि गाडं तिथंच अडलंय. ही रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं, म्हणजे असे पैसे घेण्यासाठी खात्याला जोडलं गेलं, तिथं जाते. केवायसी झाली म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, पुष्कळांची फसगत इथंच होते. सीडिंग कुठं आहे ते मायआधारच्या संकेतस्थळावर दिसतं, पण त्याला आधारशी जोडलेला मोबाईल लागतो. आजींचं आधार एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. नव्या बँकेत सीडिंगचं संमतीपत्र दिलंय. आता अडचण हयातीच्या पडताळणीची. आयुष्यभर ऊस तोडून बोटांच्या रेघाच राहिल्या नाहीत.

बुबुळावर किंवा चेहऱ्यावर पडताळणी लातूर-धाराशिवकडं कुठल्या तहसीलला करून देतात? थकलेले हप्ते आपोआप जमा होतात, की तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत (या योजनांचं काम बघतात तिथं) वेगळा अर्ज द्यावा लागतो? त्यांना एसटीनं तालुक्याला नेणं आता झेपत नाही, म्हणून घरी येऊन पडताळणी कुणी करून घेतली असेल तर अर्ज कुणाच्या नावे दिला तेही लिहा.