जिनशानलिंगची तटबंदी: ऑक्टोबरच्या सहलीबद्दल

सहल समितीकडून, सिंगापूरच्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना

नमस्कार मंडळी,

चीनच्या भिंतीची सहल पक्की झाली. 24 ते 29 ऑक्टोबर, म्हणजे दसरा आटोपून आणि दिवाळीच्या आधी. 1 ते 7 ऑक्टोबर तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते आणि तेव्हा भिंतीवर पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून तारखा पुढे नेल्या.

भिंतीच्या गर्दीच्या बादालिंग भागाला आपण जाणार नाही. बीजिंगच्या ईशान्येला साधारण सव्वाशे किलोमीटरवर डोंगरात गुबेइकोउ आणि जिनशानलिंग हे भिंतीचे भाग आहेत, तिथेच चालायचं. पहिल्या दिवशी गुबेइकोउच्या पानलोंग डोंगरावरून चोवीस खिडक्यांच्या बुरुजाच्या दिशेने. पुढे लष्कराची हद्द लागते, त्यामुळे भिंत सोडून खाली उतरायचं आणि खेड्यांमधून, शेतांच्या कडेने जिनशानलिंगला पोचायचं. मुक्काम गावातच. नंतरचे दोन दिवस जिनशानलिंग.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना व्हिसा लागेल, आत्ताच अर्ज करा. सिंगापूरचा पासपोर्ट असेल तर 30 दिवसांपर्यंत नको. पहाटे चांगलीच थंडी असते, कानटोपी घ्या.

---

बेडोकच्या काकूंकडून

अरे, बेत वाचूनच निघावंसं वाटलं. पण माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. राजगडाला शेवटची गेले त्याला आता वीस वर्षं झाली. मी आले तर सगळ्यांचा खोळंबा होईल का? स्पष्ट सांग, मला वाईट वाटणार नाही. आणि जेवणाचं काय? मला अंडंही चालत नाही.

---

पुंगोलहून

दादा, एक विनंती. एवढ्या लांब जातोच आहोत तर एक दिवस जिआनकोउ करूया ना. फोटो बघितलेत का? कड्यावरून सरळ वर गेलेली, झाडांनी भरलेली, अजिबात न सजवलेली भिंत. आम्ही पाच-सहा जण नियमित ट्रेक करतो, हरिहरच्या पायऱ्या चढलोय. बाकीच्यांनी हवं तर त्या दिवशी आराम करावा.

---

सहल समितीकडून

आधी काकूंना. काकू, तुम्ही यायचंच आहे. जिनशानलिंगला वर जायला रोपवे आहे. पहिल्या दिवशी गाडीने थेट मुक्कामी पोचा, भिंत दुसऱ्या दिवशी. चढावर जिथे खड्या पायऱ्या आहेत तिथे हात धरायला मी आहे. जेवणाचं म्हणाल तर 'मांस, मासे, अंडी, चरबी नको' असं चिनी अक्षरांत लिहिलेलं कार्ड प्रत्येक शाकाहारी माणसाच्या खिशात असेल. तरी दशम्या आणि मेतकूट बरोबर असू द्या.

आता जिआनकोउ. तुमच्या दमाबद्दल मला शंका नाही. पण मंडळाच्या नावाने मी तिथे कुणाला नेणार नाही.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्रांबरोबर मी जिआनकोउसारख्याच, पर्यटकांना बंद असलेल्या एका भागावर चढलो होतो. एका बुरुजाच्या तोंडाशी उजवा पाय टाकला आणि खालची वीट सुटली. मी सावरलो, वीट मात्र झुडपांतून गडगडत दरीत गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. ती उकरलेली जागा मी वाकून पाहिली: पांढरा चुना, आणि विटेच्या आकाराचा कोरडा, स्वच्छ खड्डा. चारशे-साडेचारशे वर्षं ती वीट तिथे बसून होती, आणि मी हौसेखातर आलो म्हणून सुटली. ती परत बसवता आली नाही. त्या दिवसानंतर बंद भिंतीवर मी पाऊल ठेवलेलं नाही.

शिवाय चीनमध्ये 2006 पासून लागू असलेल्या भिंत-संरक्षणाच्या नियमांनुसार, पर्यटनासाठी न उघडलेल्या भागावर गट घेऊन जायला बंदी आहे. 2023 मध्ये शान्शी प्रांतात दोघांनी जवळची वाट हवी म्हणून यंत्राने भिंतीलाच खिंडार पाडलं होतं. आपल्या गडांच्या चिऱ्यांवर नावं कोरणाऱ्यांचा आपल्याला किती संताप येतो! तोच नियम आपल्यालाही लावूया.

आणि जिनशानलिंग कमी आहे असं समजू नका. साडेदहा किलोमीटरची तटबंदी, 67 बुरूज. मिंग राजघराण्याच्या काळातलं हे बांधकाम मुख्यतः सेनापती छी जीग्वांगच्या हातचं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर चाच्यांशी लढलेला हा माणूस 1568 मध्ये उत्तरेच्या रक्षणासाठी आला. त्याने पोकळ बुरूज उभे केले. त्याआधी पहारेकरी उघड्यावर ऊन-बर्फ सोसत असत. आता शिबंदी आत राहू लागली, धान्य आणि दारूगोळा आत साठवता आला. आत शिराल तेव्हा कमानी आणि जंग्या (मारा करायची भोकं) बघा, आपल्या गडांची आठवण येईल. खड्या चढावर तर फांजीवरच, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवरच, आडव्या छोट्या भिंती घातल्या आहेत. शत्रू वर चढून आला तरी पायरी-पायरीला आडोसा घेऊन लढता यावं म्हणून.

मला सगळ्यात आवडतात त्या लेखाच्या विटा. पूर्वेकडच्या भागात विटांवर शिक्के आहेत: वानली बादशहाचं सहावं वर्ष, म्हणजे 1578, आणि वीट बनवणाऱ्या पलटणीचं नाव. खराब निघाली तर जाब कुणाला विचारायचा ते विटेवरच लिहिलेलं. सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

---

क्लेमेंटीहून

दादा, मी सोलापूरची, म्हणून लिहिते. जिनशानलिंग ज्यात आहे त्या हबेइ प्रांतापर्यंत जाऊन डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर न जाता परतलो तर मला चैन पडणार नाही. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले; त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला हबेइतच वारले. वय अवघं 32. मुलगा जेमतेम चार महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. समाधी श्रजियाच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे, बीजिंगहून वेगवान रेल्वेने सव्वा-दीड तास. आमच्या सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय, लहानपणापासून त्यांची गोष्ट ऐकत आले. एकदा तिथे फूल वाहायचं आहे.

---

पुंगोलहून

दादा, विटेचं वाचलं. जिआनकोउ नको. तो मोकळा दिवस ताईंच्या श्रजियाच्वांगला द्या, आम्ही सगळे येतो. आणि काकूंची पाठपिशवी माझ्याकडे.

---

सहल समितीकडून

ठरलं. 28 तारखेला सकाळच्या गाडीने श्रजियाच्वांग, रात्री बीजिंगला परत. ताई, समाधीपाशी दोन शब्द तुम्ही बोला, मराठीतच. फुलं तिथेच घेऊ.

काकू, तुमचं नाव यादीत पहिलं घातलं आहे. रोज अर्धा तास चालायला आजपासून सुरुवात करा, आणि जिना उतरताना कठड्याला धरा.